सिंकखालचा श्रीखंडाचा डबा, आणि भाड्याच्या घराचं दर वेळी होणारं नुकसान

गेल्या मे महिन्यात वाकडच्या टू-बीएचकेची किल्ली परत घेतली. भाडेकरू जोडपं सज्जन होतं. भाडं दर महिन्याच्या तीन तारखेच्या आत, सोसायटीची एकही तक्रार नाही, जाताना घर झाडून-पुसून दिलेलं. हॉल, बेडरूम बघून झाल्या तेव्हा मनातल्या मनात मी डिपॉझिट पूर्ण परत करून टाकलंही होतं. मग स्वयंपाकघरात सिंकखालची ट्रॉली ओढली, ती अर्ध्यात अडली. खाली बसून मोबाइलचा टॉर्च मारला. वेस्ट पाइपच्या जोडाखाली श्रीखंडाचा रिकामा डबा ठेवलेला, त्यात तीन बोटं पाणी, पाण्यावर तेलाचा तवंग. मागच्या प्लायला हात लावला तर त्याचा थर पापडासारखा सुटून हातात आला.

"हे कधीपासून?"

"दिवाळीपासून असेल. पण आम्ही काळजी घेत होतो काकू, रोज रात्री डबा ओतायचो."

"मग सांगितलं का नाही?"

तो बायकोकडे बघायला लागला. शेवटी तीच म्हणाली, "सांगितलं तर डिपॉझिटमधून कापाल असं वाटलं."

वेस्ट पाइप आणि रबरी वॉशर मिळून दोनशे रुपयांचं काम. सात महिने थेंब थेंब मुरल्यावर ट्रॉलीची चौकट, दोन शटर आणि मागचा प्लाय यांचं बिल झालं साडेअठरा हजार.

गेली चौदा वर्षं मी घरं भाड्याने देते आहे. वाकडचं हे एक, सिंहगड रोडचं वन-बीएचके आणि सासऱ्यांनी ठेवलेली डोंबिवलीची जुनी खोली. दर वेळचं रडगाणं ठरलेलं: किल्ली घेताना काहीतरी निघतं, डिपॉझिटवरून शब्दाला शब्द वाढतो, दुरुस्तीत महिना जातो, तेवढं भाडं बुडतं. यावर मी सगळे करतात तेच केलं. डिपॉझिट वाढवलं, करारात दंडाची कलमं घातली, एजंटला "फॅमिलीच पाहिजे" म्हणून बजावलं. नुकसान कमी झालं नाही. माणसं ते लपवायला शिकली, एवढाच फरक पडला. तो डबा बघेपर्यंत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, आणि आलं तेव्हा साडेअठरा हजारांची फी भरून झाली होती.

हीच अडचण ज्यांना वर्षाआड येते त्यांच्यासाठी, मी काय बदललं ते लिहिते.

आधी हिशेब: पैसे नक्की कशात जातात

जुन्या वह्या काढून पाहिलं. भिंतीवरचे खिळे, पोरांनी ओढलेल्या रेघा, देवघरामागची काजळी, तुटलेली कडी, सैल झालेलं बिजागर, यावर आपण सर्वांत जास्त चिडतो, कारण ते दारातून आत आल्या आल्या दिसतं. पण ही सगळी मंडळी मिळून माझ्या खर्चात नगण्य निघाली. रंग तर तसाही तीन-चार वर्षांनी काढावाच लागतो.

फरशी फुटणं मधल्या दर्जाचं. आपल्याकडे त्याची कारणंही ठरलेली: जमिनीवर नारळ फोडणं, खलबत्त्यात कुटणं, सिलिंडर फरफटत नेणं. यावर एकच उपाय. घर बांधताना किंवा फरशी बदलताना त्याच लॉटच्या दहा-बारा फरशा माळ्यावर टाकून ठेवा. पाच वर्षांनी ती छटा बाजारात मिळत नाही आणि एका फुटक्या फरशीसाठी अख्ख्या खोलीचा विचार करावा लागतो.

घाम फोडणारी सगळी बिलं पाण्याची होती. सिंकखालचं, बाथरूममधून खालच्या मजल्यावर उतरलेलं, खिडकीतून भिंतीत मुरलेलं. आणि पाण्याचा स्वभाव असा की पहिल्या आठवड्यात ते दोनशे रुपयांत ऐकतं, नंतर नाही. म्हणजे नुकसान किती झालं यापेक्षा ते तुम्हाला कधी कळलं यावर बिल ठरतं. आणि पहिल्या दिवशी ते कळू शकतं फक्त एका माणसाला, जो त्या घरात राहतो. त्यालाच मी घाबरवून ठेवलं होतं.

खालच्यांकडे गळतंय: फोडाफोडीच्या आधी चार दिवस द्या

सिंहगड रोडच्या घराखाली एक आजी राहतात. त्यांचा फोन आला की मी आधी पाणी पिऊन घेते. "अगं, तुझ्या न्हाणीघरातलं पाणी माझ्या देवांवर पडतंय!" पहिल्या वेळी मी घाबरून सोसायटीने सुचवलेल्या माणसाला बोलावलं. त्याने पाच मिनिटांत निकाल दिला, "मॅडम, पूर्ण बाथरूम फोडावं लागेल, वॉटरप्रूफिंग गेलंय." फोडलं. ६२ हजार रुपये, एकवीस दिवस घर रिकामं. पुढच्या महिन्यात पुन्हा गळती. दोष वॉशिंग मशिनच्या आउटलेटच्या जोडात होता, बाथरूमच्या बाहेर.

तेव्हापासून मी फोडायच्या आधी पाणी कधी गळतं ते विचारते. कुठे गळतं ते नंतर. खालच्यांना एक वही द्या किंवा व्हॉट्सॲपवर लिहायला सांगा: किती वाजता टपकलं, किती वाजता थांबलं.

दिवसरात्र सारखंच टपकत असेल, घरात कुणी नसतानाही, तर संशय दाबाच्या लाइनवर. म्हणजे भिंतीतून नळाला, गीझरला जाणारा पाइप. डक्टमध्ये, म्हणजे इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या बोळात, किंवा गच्चीवर तुमच्या फ्लॅटचा व्हॉल्व्ह असतो, तो रात्री झोपताना बंद करा. सकाळपर्यंत खालचं टपकणं मंदावलं तर हाच चोर. फ्लॅटला स्वतंत्र मीटर असेल तर काम आणखी सोपं: सगळे नळ बंद करून रात्रीचा आकडा लिहा, पहाटे पुन्हा बघा.

आंघोळीनंतर किंवा कपडे धुतल्यावरच गळत असेल तर दोष सांडपाण्याकडे किंवा जमिनीकडे. त्यातला कुठला, हे ओळखायला नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे बाथरूमच्या जमिनीतल्या पाणी जायच्या भोकात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं फडकं घट्ट कोंबा, बाथरूममध्ये दोन इंच पाणी भरा आणि भिंतीवर पेन्सिलने पातळी आखून चोवीस तास ठेवा. पातळी उतरली आणि खाली ओल वाढली तर फरशीचे सांधे किंवा त्याखालचं वॉटरप्रूफिंग. पातळी तशीच राहिली, पण फडकं काढून पाणी सोडताच खाली थेंब आला, तर ट्रॅप किंवा त्याला जोडलेला पाइप. कमोडचा संशय असेल तर टाकीत खायचा रंग टाकून फ्लश करा. खाली रंगीत थेंब आला की वादच संपला. एका दिवशी एकच परीक्षा घ्या. उत्साहाने सगळं एकाच सकाळी केलं तर काय कळलं तेच कळत नाही.

फक्त पाऊस पडला की ओल येत असेल तर दोष बहुतेक तुमच्या बाथरूमचा नाहीच. बाहेरच्या भिंतीच्या चिरा, डक्टमधले सामाईक पाइप, गच्ची. हे सोसायटीचं काम. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायटीच्या नमुना नियमांमध्ये, ही वाटणी दिलेली आहे: पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेने दुरुस्त करायची, सदस्याच्या स्वतःच्या संडास-बाथरूम-सिंकमधून होणारी सदस्याने. सेक्रेटरींशी बोलताना उपविधींची प्रत बरोबर ठेवा. आवाज चढवावा लागत नाही.

आणि दुरुस्तीनंतर लगेच खालच्यांची सीलिंग रंगवून देऊ नका. बाथरूमच्या खोलगट स्लॅबमध्ये, ज्याला मिस्त्री संकन म्हणतात, भरावात पाणी साठलेलं असतं. दोष गेल्यावरही ते काही आठवडे पाझरत राहतं. आजींना मी हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तिसऱ्या दिवशी "तुझ्या प्लंबरने फसवलं" म्हणून फोन येतो.

सांध्यांबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. पांढऱ्या सिमेंटने भरलेले सांधे ॲसिडने खाल्ले जातात. घर चकाचक ठेवणारा भाडेकरू दर रविवारी ॲसिड ओतून बाथरूम घासतो. फरश्या चमकतात आणि सांधे पोकळ होत जातात. कडप्प्याच्या ओट्याचंही तेच, तो चुनखडीचाच दगड, ॲसिडने त्याची झळाळी जाते. म्हणजे मळकट भाडेकरूपेक्षा स्वच्छतावेड्याने माझं जास्त नुकसान केलं आहे, आणि त्याला बिचाऱ्याला शाबासकी हवी होती. आता दोन्ही घरांच्या बाथरूममध्ये एपॉक्सी ग्राउट (पांढऱ्या सिमेंटऐवजी सांधे भरायचा रेझिनचा मसाला) भरून घेतलं आहे आणि किल्ली देताना ॲसिडचं नाव घेऊन नको म्हणून सांगते.

दोषी वाटतो तो भाडेकरू, असतो मालक

काही नुकसानं अशी आहेत की मी वर्षानुवर्षं भाडेकरूंच्या नावावर लिहीत आले आणि ती माझी होती.

सरकत्या खिडक्यांच्या खालच्या ट्रॅकमध्ये पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. धुळीने ती बुजली की पावसाचं पाणी ट्रॅकमध्ये तुंबतं आणि आतल्या बाजूने भिंतीत उतरतं. खिडकीखालच्या प्लास्टरला फुगवटा, पोपडे, मग बुरशी. मला वाटायचं, हे लोक पावसात खिडक्या उघड्या ठेवतात. एका जुन्या टूथब्रशचं काम होतं. मेच्या शेवटी मी स्वतः जाऊन करते.

स्वयंपाकघरात सोळा अँपिअरचा सॉकेट एकच आणि त्यावर फ्रिज. मग इंडक्शन शेगडी सहा अँपिअरच्या सॉकेटला लागते आणि सॉकेट वितळतो. चूक कुणाची? वायरिंग करताना मी दोन पॉइंटचे पैसे वाचवले होते.

टँकर आणि बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर क्षार चढतात, ती जळते. बाथरूमचं दार खालून कुजतं, कारण त्याला पाणी लागतंच. पावसाळ्यात दार चौकटीत घट्ट बसतं, कारण लाकूड फुगतं. यासाठी कुणाचं डिपॉझिट कापणं म्हणजे वयासाठी दंड लावणं.

मात्र एक नुकसान निखालस भाडेकरूचं असतं आणि ते दर वर्षी कुणाकडे तरी होतं. पाणी गेलेलं असतं, नळ उघडून बघतात, येत नाही, तसाच राहतो. मग गणपतीला कोकणात. दुपारी पाणी येतं, सिंकमध्ये भांडं आडवं पडलेलं असतं. डोंबिवलीच्या खोलीत असं एकदा झालं. शेजाऱ्यांनी दाराखालून पाणी येताना पाहिलं तोवर पलंगाचा बॉक्स तरंगायचा बाकी होता. आता तिन्ही घरांत मुख्य व्हॉल्व्हवर लाल रिबन बांधली आहे, "गावाला जाताना हा बंद". हसतात, पण करतात.

करारात मी काय बदललं

पहिली गोष्ट, करार नोंदणीकृतच हवा. अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात सुटका नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत करणं ही मालकाची जबाबदारी आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल राहणारा जे म्हणेल तेच खरं धरलं जातं, उलट तुम्ही सिद्ध करेपर्यंत. "सिंकची जबाबदारी तुमची ठरली होती" हे तोंडी ठरलेलं असेल तर ठरलेलं नाही असं समजा.

दुसरी, कुणी काय दुरुस्त करायचं याची यादी. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो, परवानाधारक असतो. त्यामुळे करारात काय लिहिलं आहे त्याला फार वजन येतं. यादी शोधायला मला लांब जावं लागलं नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. तो राज्यांसाठी नमुना आहे, आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो. पण त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात ही वाटणी तयार आहे. इमारतीच्या ढाच्याची दुरुस्ती, भिंतींना सफेदी, दारं-खिडक्यांचा रंग, पाइप बदलणं, आतलं-बाहेरचं वायरिंग मालकाकडे. नळ आणि त्यांचे वॉशर, तुंबलेलं गटार, कमोड, बेसिन, गीझर, स्विच-सॉकेट, कड्या-कुलुपं, खिडक्यांच्या काचा आणि जाळ्या भाडेकरूकडे. मी ती जवळजवळ तशीच उचलली. गीझर तेवढा स्वतःकडे घेतला, कारण वाकडचं पाणी मला माहीत आहे.

तिसरं कलम माझं स्वतःचं, आणि खरा फरक त्याने पडला. वकिलाने नाक मुरडलं, तरी घातलं. साध्या भाषेत ते असं: गळती, ओल, वितळलेला स्विच, काहीही दिसल्यापासून ४८ तासांत फोटोसह कळवलंत तर दुरुस्तीचा खर्च माझा, तुम्ही स्वतः तोडलेली वस्तू सोडून. कळवलं नाहीत तर उशिरामुळे वाढलेला खर्च तुमचा. आणि हजार रुपयांच्या आतलं काम असेल तर मला विचारत बसू नका, प्लंबरला बोलवा, बिल पाठवा, पुढच्या भाड्यातून वळतं करा. कागदोपत्री जे काम भाडेकरूचं, त्याचेही हजाराच्या आतले पैसे मी देते.

हा तोट्याचा व्यवहार वाटतो. घरच्यांनीही मला तेच ऐकवलं. पण त्यानंतर मेसेज यायला लागले. "काकू, फ्लशची टाकी थांबत नाहीये." "बाल्कनीच्या नळाखाली ओल दिसतेय, फोटो पाठवलाय." सिंहगड रोडच्या मुलीने तर बेसिनवर परफ्यूमची बाटली पडून तडा गेला हेही स्वतःहून सांगितलं आणि बेसिनचे पैसे दिले. एका भाडेकरूने बल्ब गेल्याचा फोटो पाठवला, तोही रात्री साडेअकराला. चालायचंच.

किल्ली देताना

ऑनलाइन करारात पंखे चार, ट्यूबलाइट पाच अशी वस्तूंची यादी टाकता येते. त्यात वस्तू येते, तिची अवस्था येत नाही. आणि भांडण अवस्थेवरच होतं.

म्हणून सामान आत यायच्या आधी मी भाडेकरूला बरोबर घेऊन वीस मिनिटांचा व्हिडिओ काढते. फोन त्याच्या हातात देते, माझ्या नाही. आपण काढलेल्या व्हिडिओत आपण नको ते टाळतो. त्याला म्हणते, दोष शोध. प्रत्येक नळ सोडायचा, सिंक भरून एकदम सोडून खाली हात फिरवायचा, प्रत्येक स्विच दाबायचा, कपाटांची आतली मागची बाजू, पलंगामागची भिंत, खिडकीचे ट्रॅक, विजेच्या मीटरचा आकडा. जुना ओरखडा, तडा, डाग दिसला की नाव घेऊन बोलायचं. व्हिडिओ त्याने मला व्हॉट्सॲपवर पाठवायचा, म्हणजे तारीख दोघांकडे राहते. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं वगैरे खरं आहे, पण त्या व्हिडिओचा खरा उपयोग कोर्टाबाहेर होतो. दोघं मिळून तो बघितला की आवाज आपोआप खाली येतो.

मध्ये वर्षातून दोनदा मी जाऊन येते: मेच्या शेवटी आणि दिवाळीनंतर. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २८ प्रमाणे मालकाला आधी सूचना देऊन योग्य वेळी जागा पाहायचा हक्क आहे. "आधी सूचना देऊन" हे शब्द महत्त्वाचे. आपल्याकडची दुसरी किल्ली लावून आत शिरणारे मालक मी पाहिलेत, आणि त्यांच्या भाडेकरूंनी त्यांना आयुष्यात कधी गळती कळवली नाही.

डिपॉझिटमधून किती कापायचं

घर सोडायच्या महिनाभर आधी एकदा एकत्र फेरी मारायची. काय काय नीट करावं लागेल ते तेव्हाच सांगायचं. लोकांना स्वतः करून द्यायला आवडतं, ओळखीचा सुतार मिळतो, अर्ध्या पैशांत होतं. शेवटच्या दिवशी, खाली टेम्पो उभा असताना काढलेली यादी म्हणजे भांडणाला आमंत्रण.

मग वयाचा हिशेब. तुटलेली वस्तू नवी घ्यायचा पूर्ण खर्च भाडेकरूवर टाकणं मला पटत नाही. वस्तूचं जेवढं आयुष्य उरलं होतं तेवढाच त्याचा वाटा. हा कायद्यातला नियम नव्हे, माझा आहे. श्रीखंडवाल्या जोडप्याचं असं केलं: खर्च साडेअठरा हजार. ट्रॉल्या सहा वर्षांच्या, मी त्यांचं आयुष्य दहा धरते, उरली चार वर्षं, म्हणजे ४० टक्के, ७,४०० रुपये. त्यातले निम्मे माझे, कारण त्या घरात मी चौदा महिने पाऊल टाकलं नव्हतं. कापले ३,७००. सुताराच्या बिलाच्या फोटोसह हिशेब लिहून पाठवला, बाकी रक्कम त्याच दिवशी खात्यात टाकली. उत्तर आलं, "काकू, आम्हाला वाटलं पूर्ण जाईल." त्यांच्याच ऑफिसातली मुलगी आता तिथे राहते.

रंगाचे पैसे मी कापत नाही. अगदीच भडक जांभळी भिंत करून ठेवली असेल तर त्या एका भिंतीचे. खिळ्यांचे कधीच नाही. तीन इंची भोक पाडून एसी बसवला असेल आणि विचारलं नसेल, तर ते बुजवायचे पूर्ण पैसे. तिथे वयाचा प्रश्न येत नाही.

प्रकरण हाताबाहेर गेलं तर

दोन गोष्टी रागाच्या भरातही करायच्या नाहीत. पाणी-वीज तोडायची नाही, त्याच भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २९ ने त्याला थेट मनाई आहे. आणि कुलूप बदलायचं नाही. करार संपूनही कुणी जागा सोडत नसेल तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे यासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. हे कलम समोरच्याला शांतपणे वाचून दाखवलं की बऱ्याचदा तेवढं पुरतं.

नुकसान डिपॉझिटपेक्षा जास्त असेल तर बिलं, किल्ली देतानाचा व्हिडिओ आणि वकिलाची नोटीस. दावा लावायला साधारण तीन वर्षांची मुदत असते. पण चाळीस हजारांसाठी किती तारखा घालवायच्या ते आधी ठरवा. मी एकदाही लावलेला नाही. दोनदा पैसे सोडून दिले, त्यातल्या एकदा रात्रभर झोप लागली नाही.

विमा घ्या, पण तो काय देतो ते समजून. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे भारत गृह रक्षा नावाची एकसारखी पॉलिसी मिळते. आग, पूर, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, त्यातून पाणी ओसंडणं तिच्यात येतं. हळूहळू मुरलेली ओल, झीज, कुजणं येत नाही. म्हणजे डोंबिवलीचा पूर कदाचित त्यात बसला असता, श्रीखंडाचा डबा नाही.

आणि आयकरात दुरुस्तीची बिलं दाखवून वाचेल या आशेवर राहू नका. घरभाड्याच्या उत्पन्नातून सरसकट ३० टक्के वजावट मिळते, तुम्ही शून्य खर्च केला तरी तेवढीच आणि लाखभर केला तरी तेवढीच.

वाकडच्या सिंकखाली आता ट्रॉलीच ठेवली नाही. तिथे उघडी स्टीलची जाळी आहे, वाकलं की पाइपचा जोड समोर दिसतो. सुतार म्हणाला, चांगलं दिसत नाही. नव्या मुलीने तिथे कांदे-बटाटे ठेवलेत. जुलैमध्ये तिचा मेसेज आला: "बटाटे ओले लागतायत, वरचा नट सैल झालाय, घट्ट केला. खर्च शून्य."